लूप अँटेनावर आकाशातली वीज टिपणारं घरगुती स्टेशन: वेढे मोजण्याआधी नॉइज बघा

तुमचे प्रश्न थोडक्यात असे की दोन लूप अँटेना (फ्रेमवर गुंडाळलेले तारेचे वेढे), प्रीअँप (क्षीण सिग्नल वाढवणारं सर्किट), जीपीएस आणि कंट्रोलर बोर्ड असं पडणाऱ्या विजा टिपायचं स्टेशन घरी उभं करायचंय, लूप केवढा घ्यायचा, वेढे किती, घराच्या आत चालेल का गच्चीवरच लागेल, आणि ज्यांच्याकडे आधीपासून स्टेशन आहे ते सांगतात की आमच्याकडून स्टेशनांच्या जाळ्याला दिवसभर ढीगभर सिग्नल जातात पण विजेची जागा काढायला त्यातले अगदी थोडेच वापरले जातात, तर असं का होतं. मी शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो कारण तो एकदा कळला की बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतात.

ढगातून जमिनीवर वीज पडते तेव्हा पहिल्या झटक्यात साधारण ३० किलोअँपिअर करंट जातो, कधी त्याच्या कितीतरी पट, आणि तो काही मायक्रोसेकंदांत शिखराला पोचतो. एवढा करंट एवढ्या पटकन बदलला की काही किलोमीटर लांबीचं ते चॅनेल स्वतःच ट्रान्समीटर होतं आणि रेडिओचा एक छोटा पल्स बाहेर पडतो, त्याला स्फेरिक म्हणतात. त्याची सगळ्यात जास्त ऊर्जा ५ ते १० किलोहर्ट्झच्या आसपास असते, म्हणजे व्हीएलएफ (अतिशय कमी फ्रिक्वेन्सीच्या) पट्ट्यात. १० किलोहर्ट्झला तरंगलांबी होते ३० किलोमीटर, आणि एवढ्या लांब लहरी जमीन आणि आयनोस्फिअर (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) यांच्या मधल्या पोकळीतून फार कमी खर्ची पडत पुढे जातात, आयनोस्फिअरचा हा खालचा थर दिवसा साधारण ७० किलोमीटरवर असतो आणि रात्री ९० च्या आसपास. म्हणून रात्री साध्या लूपवरही हजारो किलोमीटर लांबच्या विजा येतात. ही काही नवी युक्ती नाही, रशियात पोपोव्हने १८९५ साली बनवलेलं रिसीव्हर वादळातल्या विजा टिपायलाच होतं, आणि ब्रिटनमध्ये वॉटसन-वॅटने १९२० च्या दशकात एकमेकांना काटकोनात उभे केलेले दोन लूप कॅथोड रे ट्यूबला जोडून विजेची दिशा पडद्यावर थेट रेघ म्हणून दाखवली होती. आज आपण घरी करतो ते मुळात तेच आहे, फक्त पडद्याच्या जागी एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी चिप) आलाय आणि जोडीला जीपीएसचं घड्याळ.

आता हे नीट समजून घ्या की एकटं स्टेशन विजेची जागा सांगू शकत नाही. दोन लूपवरून दिशा मिळते, तीही १८० अंशाच्या घोळासकट, आणि अंतराचा फक्त अंदाज, कारण मोठी वीज लांब आणि छोटी वीज जवळ पडली तर सिग्नल सारखाच दिसतो. खरी जागा निघते ती एकच पल्स वेगवेगळ्या स्टेशनांवर किती वाजता पोचला त्या फरकावरून. अक्षांश, रेखांश आणि वीज पडल्याची वेळ अशा तीन गोष्टी अज्ञात, म्हणून कमीत कमी तीन स्टेशनं लागतात, काही मांडणीत तीन स्टेशनांवरून दोन उत्तरं येतात म्हणून चौथं लागतं, आणि प्रत्यक्षात जितकी जास्त तितकं चांगलं. प्रकाशाचा वेग धरला तर १ मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. हौशी लोकांचं जगभरचं जाळं ब्लिट्झऑर्टुंग, जे जर्मनीत ड्युसेलडॉर्फच्या हाइनरिख हाइन विद्यापीठातल्या प्रा. एगॉन वांके यांनी उभं केलं, ते याच तत्त्वावर चालतं. वॉशिंग्टन विद्यापीठातून चालणारं डब्ल्यूडब्ल्यूएलएलएन हे संशोधकांचं जाळंही वेळेच्याच फरकावर चालतं, फक्त तिथे लूपऐवजी उभे विद्युत-फील्ड अँटेना वापरतात आणि पल्सची सुरुवात पकडण्याऐवजी सगळ्या पल्सच्या फेजवरून पोचण्याची वेळ काढतात.

मग सिग्नल वाया का जातात? कारण तुमच्या स्टेशनने पाठवलेला पल्स बाकी कोणीच ऐकलेला नसतो. तो विजेचा नसतोच, तो तुमच्या घरातल्या चार्जरचा असतो, किंवा शेजारच्या एलईडी ड्रायव्हरचा. किंवा असतो विजेचाच पण नॉइजने (उपकरणांच्या असल्या गोंगाटाने) इतका वाकडातिकडा झालेला की त्याची वेळ बाकीच्यांशी जुळत नाही. म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की स्टेशनचा दर्जा ते किती सिग्नल पाठवतं त्यावर ठरत नाही, पाठवलेल्यातले किती उपयोगी पडले आणि वेळ किती नेमकी होती त्यावर ठरतो, आणि या दोन्ही गोष्टी लूपच्या आकारापेक्षा लूप कुठे उभा आहे त्यावर जास्त अवलंबून असतात. नवीन माणूस सगळ्यात आधी वेढे वाढवायला जातो आणि गेन (प्रीअँप सिग्नल किती पट वाढवतो ते) वाढवायला जातो, त्याने नॉइजही त्याच पटीत वाढतो आणि हाती काहीच लागत नाही.

तर पहिलं काम जागा शोधणं. यासाठी काही विकत घ्यायची गरज नाही. इन्सुलेशन असलेल्या तारेचे काही वेढे घ्या, एका छोट्या ऑडिओ प्रीअँपला जोडा, बॅटरीवर चालवा आणि हेडफोन लावून घरभर फिरा. व्हीएलएफचा खालचा भाग सरळ आपल्या कानाच्या पट्ट्यात येतो म्हणून रेडिओ रिसीव्हर लागतच नाही, विजा तडतड अशा ऐकू येतात, मेन्सचा (घरातल्या वीजपुरवठ्याचा) गुंग आवाज येतो, डिमर असला तर कर्कश भुणभुण. सूर्य मावळून बराच वेळ झाल्यावर शांत जागी ऐकलं तर काही तडतडींच्या शेपटीला एक बारीक घुमणारा सूर लागलेला असतो, ज्याला ट्वीक म्हणतात, तो जमीन आणि आयनोस्फिअरमधल्या पोकळीच्या कटऑफमुळे १.७ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. ज्या कोपऱ्यात ट्वीक ऐकू आले तो कोपरा स्टेशनसाठी उत्तम, यापेक्षा सोपी परीक्षा मला माहीत नाही.

कानाला जे ऐकू येत नाही ते बघायला बॅटरीवर चालणारा लॅपटॉप आणि ९६ किलोहर्ट्झ सँपलिंग करणारं साउंड कार्ड पुरतं, त्यावर ४८ किलोहर्ट्झपर्यंतचा स्पेक्ट्रम दिसतो, फक्त लूप लॅपटॉपपासून दोन-तीन मीटर लांब धरा नाहीतर लॅपटॉपचाच नॉइज मोजत बसाल. वॉटरफॉलवर (वेळेनुसार सरकणाऱ्या स्पेक्ट्रमच्या चित्रावर) क्षणभरात सगळा पट्टा व्यापून जाणाऱ्या बारीक रेघा दिसतात त्या विजा. एकाच फ्रिक्वेन्सीवर सतत ठाण मांडून बसलेल्या रेघा दिसल्या तर घाबरू नका, ते नौदलांचे पाणबुडीशी बोलायचे ट्रान्समीटर असतात, भारताचा १८.२ किलोहर्ट्झवर, ऑस्ट्रेलियातला १९.८ वर, जर्मनीतला २३.४ वर, अमेरिकेतला कटलरचा २४.० वर. त्यातला एखादा जरी दिसला तरी तुमचा लूप आणि प्रीअँप चालू आहे याची ती फुकटची खात्री. पण ५० किंवा ६० हर्ट्झच्या पटीत कंगव्याच्या दातांसारख्या सारख्या अंतरावरच्या रेघा आल्या तर ते मेन्सचं काम, आणि हळूहळू इकडेतिकडे सरकणारा जाडसर पट्टा दिसला तर कुठलातरी स्विचिंग सप्लाय. इंडक्शन शेगडी २० किलोहर्ट्झच्या वर चालते आणि सोलर इन्व्हर्टर साधारण १६ ते २० वर स्विच होतात, म्हणजे दोन्ही आपल्याच पट्ट्यात. वायरिंगमधून इंटरनेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर, इलेक्ट्रिक कुंपण, लिफ्टची किंवा पंपाची व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी) ड्राइव्ह ही बाकीची नेहमीची मंडळी. घरातला मेन स्विच बंद करून परत एकदा मोजा, म्हणजे आपला नॉइज किती आणि शेजारचा किती हे लगेच वेगळं होतं, आणि मग एकेक सर्किट चालू करत गेलं की गुन्हेगार सापडतो.

यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. छोट्या उपकरणाचं जवळचं चुंबकीय फील्ड अंतराच्या घनाने कमी होतं, चार्जरपासून २ मीटरवर असलेला लूप ४ मीटरवर नेला तर त्याचा नॉइज आठवा हिस्सा उरतो, वीज मात्र तेवढीच राहते. भिंतीतल्या लांब वायरींना हा नियम एवढा लागू पडत नाही, त्यांचं फील्ड हळू कमी होतं, पण तरीसुद्धा लूप दोन मीटर सरकवून जे मिळतं ते महागडा प्रीअँप घेऊन मिळत नाही.

घरात की गच्चीवर, याचं उत्तर यातूनच येतं. चुंबकीय फील्ड विटा, लाकूड, कौलं यांतून जवळजवळ जसंच्या तसं आत येतं, त्यामुळे पोटमाळा किंवा रिकामी खोली चालते. पत्र्याचं छप्पर आणि आरसीसीतल्या सळयांची जाळी मात्र त्रास देते, त्यात करंट फिरतात, सिग्नल थोडा दबतो आणि त्याहून वाईट म्हणजे दिशा वाकडी होते. उंची अजिबात लागत नाही, ३० किलोमीटरच्या लहरीला १० मीटर वर काय आणि खाली काय. अंगणाच्या टोकाला जमिनीपासून मीटरभर उंचीवर लूप लावला आणि तिथे मेन्सची वायर नसली तर तो गच्चीवरच्या लूपपेक्षा चांगला चालेल, आणि वादळात सुरक्षितही राहील. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी बाल्कनी, जिना, टाकीजवळची जागा असं सगळीकडे हेडफोन घेऊन फिरून बघावं, चारही बाजूंनी नॉइज असेल तर स्टेशन एखाद्या नातेवाइकाच्या मोकळ्या जागेतल्या घरी लावणं जास्त शहाणपणाचं, मी तरी तसंच सुचवेन.

आता लूप. १ मीटर बाजूचा चौकोन, लाकडाची किंवा पीव्हीसीची फ्रेम, इन्सुलेशन असलेल्या ०.५ चौरस मिलिमीटर मल्टिस्ट्रँड तारेचे ८ वेढे, म्हणजे ३२ मीटर तार. याचा रेझिस्टन्स साधारण १.१ ओहम येतो आणि इंडक्टन्स २५० मायक्रोहेन्रीच्या आसपास. हा लूप १० किलोहर्ट्झला १ व्होल्ट प्रति मीटरच्या फील्डमध्ये १.७ मिलिव्होल्टच्या जवळपास देतो, वेढे गुणिले क्षेत्रफळ एवढंच त्यात महत्त्वाचं असतं, आकार गोल असो, चौकोनी असो, काहीही. जमिनीवर पडणाऱ्या नेहमीच्या विजेचं शिखर-फील्ड १०० किलोमीटरवर ६ ते ८ व्होल्ट प्रति मीटर असतं, म्हणजे लूपच्या टोकांना साधारण १० मिलिव्होल्ट. १००० किलोमीटरवर एक मिलिव्होल्ट किंवा त्याहून थोडं कमी. आणि १० किलोमीटरवर १०० मिलिव्होल्ट. हे तीन आकडे डोक्यात ठेवा कारण गेन ठरवताना हेच लागणार आहेत.

जागा कमी असेल तर फेराइट रॉडवर गुंडाळलेली कॉइल वापरता येते, ती छोटी असते आणि कपाटामागे मावते, पण तिला वेढे खूप लागतात, इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स दोन्ही वाढतात आणि रेझोनन्स खाली सरकत आपल्या पट्ट्याच्या जवळ येतो. जागा असेल तर हवेतला लूपच घ्या.

रेझोनन्सबद्दल जरा थांबतो कारण रेडिओवाले लोक इथे सवयीने फसतात. मीडियम वेव्हच्या लूपला आपण व्हेरिएबल कपॅसिटर लावून ट्यून करतो, इथे तो बिलकुल लावायचा नाही. ट्यून केलेला लूप पल्स आला की स्वतःच्याच फ्रिक्वेन्सीवर झंकारत राहतो, सगळ्या विजा सारख्याच दिसायला लागतात आणि पल्सची सुरुवात कुठे झाली ते हरवतं, आपल्याला तर नेमकी तीच हवी असते. कपॅसिटर न लावताही लूपला स्वतःचा आणि केबलचा कपॅसिटन्स असतोच, वरच्या लूपला ३०० पिकोफॅरड मिळाले तर रेझोनन्स येतो ५७० किलोहर्ट्झच्या आसपास, म्हणजे बरोब्बर मीडियम वेव्हच्या खालच्या टोकाला, आणि जवळ एखादं जोरदार स्टेशन असलं तर प्रीअँप त्यानेच भरून जातो. म्हणून लूपच्या टोकांवर काही किलोओहमचा डॅम्पिंग रेझिस्टर टाका किंवा, जे मला जास्त पटतं, प्रीअँपचा इनपुट इम्पीडन्सच (सिग्नलच्या करंटला होणारा विरोध) जवळजवळ शून्य ठेवा. याचा फायदा असा की लूपमधला व्होल्टेज फ्रिक्वेन्सीच्या प्रमाणात वाढतो आणि लूपची रिअॅक्टन्सही त्याच प्रमाणात वाढते, त्यामुळे करंट सपाट राहतो, आपल्या लूपला साधारण ७०० हर्ट्झच्या वर, आणि पल्सचा आकार हवेत होता तसाच बाहेर येतो.

लूपचा स्वतःचा रेझिस्टन्स एका ओहमच्या घरात असल्यामुळे त्याचा थर्मल नॉइज फार कमी असतो, ०.१३ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ एवढाच, आणि पहिल्या ऑपअँपचा (प्रीअँपमधल्या अँप्लिफायर चिपचा) व्होल्टेज नॉइज १ नॅनोव्होल्ट असला तरी तोच वरचढ ठरतो. म्हणून पहिल्या टप्प्याला कमी व्होल्टेज नॉइजवाला भाग निवडा, एफईटी इनपुटचा मोह नको, तो जास्त इम्पीडन्सच्या सोर्ससाठी असतो. प्रीअँप डिफरेन्शियल (दोन तारांतला फरकच वाढवणारा) ठेवा आणि लूपच्या पायथ्याशीच बसवा. इलेक्ट्रिक फील्डचा नॉइज रोखायला लूपभोवती शील्ड करतात, कोएक्सच्या आत तार किंवा वर अॅल्युमिनियम फॉइल, पण त्या शील्डला एका ठिकाणी, शक्यतो वरच्या मधोमध, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची फट हवीच हवी, नाहीतर शील्ड स्वतःच एक शॉर्ट झालेला वेढा होतो आणि लूप जवळजवळ मुका होतो. फ्रेमही याच कारणाने बंद धातूच्या कड्याची करायची नाही.

फिल्टर साधा ठेवा, खालून १-३ किलोहर्ट्झला कट म्हणजे मेन्स आणि त्याचे हार्मोनिक्स दबतात, वरून ५० किलोहर्ट्झच्या आसपास कट म्हणजे मीडियम वेव्ह जाते. फार तीव्र फिल्टर लावू नका. प्रत्येक फिल्टर सिग्नलला उशीर करतो, ५० किलोहर्ट्झचा साधा दोन पोलचा लो पास साडेचार मायक्रोसेकंदांच्या आसपास खातो, म्हणजे जागेच्या हिशेबात सव्वा किलोमीटरच्या वर. सगळ्या स्टेशनांवर सारखा उशीर असला तर गणितात तो निघून जातो, म्हणून जाळ्यात जायचं असेल तर त्यांनी सांगितलेल्या फिल्टरच्या किमती मनाने बदलायच्या नाहीत आणि दोन्ही लूपचे फिल्टर तंतोतंत सारखे ठेवायचे.

प्रीअँपपासून कंट्रोलरपर्यंत शील्ड असलेली नेटवर्क केबल उत्तम, एकेका जोडीतून एकेक डिफरेन्शियल सिग्नल आणि उरलेल्या जोडीतून सप्लाय. शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, दोन्हीकडे केली तर ग्राउंड लूप तयार होतो आणि घरभरचा मेन्सचा नॉइज त्यातून आत येतो. केबलवर दोन्ही टोकांना फेराइट क्लॅम्प चढवा. आणि सप्लाय, हे मोठ्याने सांगतो, स्वस्त मोबाइल चार्जर नको. स्टेशनचा सगळ्यात जवळचा नॉइज सोर्स बहुतेक वेळा स्टेशनचाच अडॅप्टर असतो. ट्रान्सफॉर्मरवाला लिनिअर सप्लाय घ्या किंवा बॅटरीवर चालवून फरक बघा.

वेळेचा भाग थोडक्यात उरकतो कारण तो आता सोपा झालाय. साध्या क्रिस्टलमध्ये २० पीपीएमची (दशलक्षात वीस) चूक असते, म्हणजे सेकंदाला २० मायक्रोसेकंद, एका सेकंदात ६ किलोमीटरचा घोळ. जीपीएसचा दर सेकंदाचा पल्स काही डझन नॅनोसेकंदांत अचूक असतो, ५० नॅनोसेकंद धरले तरी १५ मीटर, त्यामुळे कंट्रोलरने प्रत्येक पल्सवर आपला काउंटर मोजून क्रिस्टलची खरी फ्रिक्वेन्सी काढत राहायचं, काम झालं. जीपीएसच्या अँटेनाला मोकळं आकाश लागतं. मॉड्यूल नवीन चालू केल्यावर सुरुवातीची काही मिनिटं लीप सेकंदाची माहिती मिळालेली नसते, जीपीएसची वेळ आणि यूटीसी (जगाची प्रमाणवेळ) यांत २०१७ पासून १८ सेकंदांचा फरक आहे, त्यामुळे आकाशातून तो संदेश येईपर्यंत, साडेबारा मिनिटांपर्यंत लागू शकतात, सिग्नल पाठवू नयेत.

गेन आणि थ्रेशोल्ड (ज्या पातळीच्या वर पल्स नोंदला जातो ती) हे मात्र बसून शिकावं लागतं. १००० किलोमीटरवरची वीज दिसावी म्हणून गेन १००० ठेवला तर तिचा मिलिव्होल्ट १ व्होल्ट होतो, छान, पण १० किलोमीटरवरची वीज १०० व्होल्ट मागते आणि एडीसी केव्हाच भरलेला असतो, पल्सचं शिखर कापलं जातं आणि कापलेल्या पल्सवरून वेळ आणि दिशा दोन्ही बिघडतात. म्हणून वादळ जवळ आलं की गेन खाली, लांब गेलं की वर, बऱ्याच बोर्डांवर हे आपोआप होतं आणि ते चालू ठेवावं. थ्रेशोल्ड अशा बेताने ठेवा की शांत दुपारी, आसपास कुठे वादळ नसताना, मिनिटाला मोजकेच ट्रिगर यावेत. आलेले पल्स डोळ्यांनी बघत जा. विजेचा पल्स एकदम चढतो, वरखाली एक-दोन मोठ्या लाटा घेतो आणि काही शे मायक्रोसेकंदांत विरतो. दर १० मिलिसेकंदांनी तंतोतंत परत येणारा पल्स विजेचा नाही, तो ५० हर्ट्झच्या मेन्सवरचा डिमर आहे, ६० हर्ट्झ असेल तिथे तो ८.३ मिलिसेकंदांनी येतो.

पल्समध्ये पहिल्यानंतर दुसरा उलटा उंचवटा दिसला तर तो नॉइज समजू नका. एक लहर जमिनीलगत सरळ येते आणि दुसरी आयनोस्फिअरवरून परतून. थर ८५ किलोमीटरवर धरला तर ५०० किलोमीटर लांबच्या विजेची परतलेली लहर साधारण १०० मायक्रोसेकंद उशिरा येते, १०० किलोमीटरवरच्या विजेची ३२० च्या आसपास, आणि १००० वरच्या विजेत फरक आणखी कमी राहतो. लांबच्या विजेत सरळ लहर इतकी दुबळी होते की दुसरी तिच्याहून मोठी दिसते, मग एका स्टेशनने पहिली लहर मोजली आणि दुसऱ्याने परतलेली, की जागा कित्येक किलोमीटरनी चुकते. चांगले पल्सही कधीकधी हिशेबातून वगळले जातात ते यामुळे, त्यात तुमच्या स्टेशनचा दोष नसतो.

बाजारात ५०० किलोहर्ट्झवर ऐकणारी एएस३९३५ नावाची चिप असलेले छोटे सेन्सर मिळतात, ४० किलोमीटरपर्यंतच्या वादळाचं अंतर ऊर्जेवरून अंदाजाने सांगतात. खिशातल्या इशाऱ्यासाठी ठीक आहेत. त्यातून ना दिशा मिळते ना मायक्रोसेकंदाची वेळ, त्यामुळे आपल्या कामाला ते उपयोगी नाहीत.

सुरक्षेबद्दल कडक बोलणार आहे. अँटेना उंच खांबावर लावू नका, कारण वर सांगितलंय, त्याने सिग्नल वाढत नाही, धोका वाढतो. बाहेरून आत येणाऱ्या प्रत्येक केबलवर सर्ज अरेस्टर (जादा व्होल्टेज अर्थिंगला वळवणारा), आणि त्याचं ग्राउंड घराच्या मुख्य अर्थिंगलाच जोडलेलं हवं. अँटेनासाठी वेगळा अर्थ रॉड ठोकून तो घराच्या अर्थिंगपासून सुटा ठेवणं फार धोक्याचं, जवळ वीज पडली की दोन अर्थमध्ये हजारो व्होल्टचा फरक येतो आणि तो तुमच्या बोर्डातून किंवा तुमच्या हातातून वाट काढतो. कंट्रोलर ते राउटर शक्यतो वायफाय किंवा फायबर ठेवा, म्हणजे तांब्याची वाटच राहत नाही. ढग गडगडत असताना केबलला, बोर्डाला हात लावायचा नाही, सेटिंग बदलायचं तर आतून, वायरलेसने. लखलखाट आणि गडगडाट यात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर वीज साधारण १० किलोमीटरच्या आत आहे, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आणि स्टेशनचा नकाशा कोरा आहे म्हणून मुलांना मैदानात पाठवणं असं कधीच करू नका, वादळातली पहिली वीज पडायच्या आधी हे यंत्र काहीही सांगू शकत नाही.

आता दिशा. नुसतं वेळेच्या जाळ्यात भाग घ्यायचा असेल तर लूप एकमेकांना काटकोनात असले की पुरे, उत्तर-दक्षिण रेषेत असायलाच हवेत असं नाही, उलट जोडी फिरवून एका लूपचा शून्य-बिंदू नॉइजच्या दिशेला आणता आला तर जरूर आणा. लूप त्याच्या प्रतलाच्या दिशेने सगळ्यात जास्त ऐकतो आणि प्रतलाला काटकोनात अजिबात नाही. पण तुम्हाला स्वतःच्या स्टेशनवर दिशाही बघायची असेल तर एक लूप खऱ्या उत्तरेला, होकायंत्राच्या नव्हे, लावा आणि दोन्हींचं गुणोत्तर घ्या. १८० अंशाचा घोळ सोडवायला उभा इलेक्ट्रिक-फील्ड अँटेना जोडतात, इलेक्ट्रिक आणि चुंबकीय फील्डची चिन्हं एकत्र बघितली की लहर कुठून कुठे चालली आहे ते ठरतं. हा अँटेना मात्र घराबाहेर मोकळ्यावरच लागतो आणि नॉइज फार लवकर पकडतो, म्हणून आधी लूप नीट चालू द्या, मग त्याच्या मागे लागा.

दिशा किती चुकतेय हे तपासायला जाळ्याच्या नकाशावरून नक्की जागा माहीत असलेल्या विजा घ्या, वेळेवरून त्यांच्याशी जुळणारे आपले पल्स शोधा, नकाशावरची दिशा आणि लूपने दिलेली दिशा यांतला फरक काढा आणि तो दिशेसमोर मांडा. आजूबाजूला लोखंड, वायरी, पाइप असतील तर पूर्ण वर्तुळात दोनदा वरखाली होणारी लाट दिसते, ही जागेची चूक, ती काही अंशांची असते आणि कधी दहाच्या पुढेही जाते. दोन्ही लूपचा गेन सारखा नसला किंवा काटकोन चुकला असला तरी अशीच लाट येते, म्हणून आधी ते दोन तपासा. सगळ्या दिशांना एकसारखाच फरक येत असेल तर जोडीच फिरलेली आहे, फ्रेम सरळ करा. उरलेल्या लाटेचा तक्ता करून सॉफ्टवेअरमध्ये वजा करायचा, तो चांगला टिकतो, फक्त लूप हलवला किंवा शेजारी नवीन पत्र्याची शेड उभी राहिली की तो परत करावा लागतो.